खिळ्याखालचा घेर

झाडाचा घेर कमी होत नाही. माणसाचा होतो, उन्हाळ्यात जनावराचा होतो, तळ्याचा तर दर वर्षी होतो. झाड मात्र एकदा जितकं झालं तितकं झालं. पुढं वाढेल नाहीतर मरेल, मागं येणार नाही. हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून विजापूर रोडवरच्या त्या कडुलिंबाखाली फोनवर लाल चौकट आली तेव्हा मी आधी फोनवर संशय घेतला. 'घेर मागील नोंदीपेक्षा कमी. पुन्हा तपासा.' मी पुन्हा तपासलं. शर्टाचं दुसरं बटण खोडाला टेकवलं, कारण जमिनीपासून सव्वाचार फुटांवर घेर घ्यायचा असा नियम आहे आणि माझं दुसरं बटण बरोबर तिथं येतं. त्या उंचीवर टेपचं टोक बाभळीच्या काट्यानं सालीत टोचलं आणि खोडाभोवती फिरून परत काट्यापाशी आलो. एकशे एकोणचाळीस. मोजणीच्या मागच्या फेरीत एकशे बेचाळीस लिहिलेलं. मधे दोन वर्षं गेलेली आणि झाड तीन सेंटिमीटरनं बारीक झालेलं. त्याआधीची पाचसहा झाडंही त्या सकाळी अशीच लाल झाली होती आणि मी ती तशीच सोडून पुढं आलो होतो. या झाडाला थांबलो. जुनी नोंद उघडली आणि खाली 'मागील फोटो' लिहिलेलं होतं त्यावर बोट ठेवलं.

फोटोत गोजा उभी होती. झाडाशेजारी माणूस हवा असाही नियम आहे, म्हणजे बघणाऱ्याला झाड केवढं ते कळतं. साडीवर झाडं मोजणाऱ्या एजन्सीचा पांढरा फुल शर्ट, डोक्यावर पदर आणि पदरावर टोपी. एका हातात टेपचं टोक, दुसरा हात सालीवर सपाट ठेवलेला. ती मंगळवेढ्याकडच्या मेंढरांच्या घरची. टेप गुंडाळण्याआधी प्रत्येक झाडाला असा हात लावायची. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, हे काय? म्हणाली, "अंगावर एकदम दोरी टाकली की जनावर बुजतंय." मी म्हणालो, झाड पळून जाणार हाय व्हय? ती म्हणाली, "पळत न्हाय म्हणून काय झालं?" हे सगळं मला फोटो बघताना आठवलं असं नाही. फोटो बघताना मला काहीच आठवलं नाही. फोनच्या काचेवर लिंबाचा मोहोर पडला होता, बारीक पांढरी फुलं, ती मी अंगठ्यानं पुसत होतो आणि पुसताना फोटो मोठा होत होता, लहान होत होता. मोहोराचा गोड वास आणि खालच्या पंक्चरच्या दुकानातून जळक्या रबराचा वास. मागच्या फेरीलाही हेच दोन वास होते. तेव्हा मी ते घेतले नव्हते, आत्ता नाकात आले.

मी टॉवेलच्या कारखान्यात होतो. तो बंद पडल्यावर झाडं मोजायचं काम निघालं. एजन्सीला जोड्या हव्या होत्या, एक माणूस फोनवर, एक टेपवर. बाकीच्यांनी मित्र आणले, भाऊ आणले, मी बायको आणली, गोजा. लोक हसले. फोन चालवणं मला लवकर आलं. झाडापाशी उभं राहायचं, नकाशावरचा निळा ठिपका स्थिर होईपर्यंत दम धरायचा, मग झाडाचा ठिपका टाकायचा. जात, उंची, घेर, तब्येत, फोटो. लष्कर भागातल्या बोळात ठिपका स्थिर व्हायचाच नाही, कुणाच्या गच्चीवर जायचा, कुणाच्या न्हाणीघरात. गोजाला त्याची भारी मजा वाटायची. "अवो, तुमचा ठिपका रस्ता वलांडून गेला. झाड हितंच हाय की." तिला नकाशा वाचता येत नव्हता, पण ठिपका चुकला की माझ्याआधी कळायचं, कारण ती माझं तोंड बघायची. तिच्या खांद्याची उंची बरोबर सव्वाचार फूट. पहिल्या दिवशी साहेबांनी पट्टी लावून बघितलं आणि म्हणाले, मावशी, तुम्हाला खूण करायची गरजच नाही. तेव्हापासून ती झाडाला खेटून उभी राहायची, खांद्याशी टेपचं टोक धरायची, मी दुसरं टोक घेऊन खोडाभोवती फिरून तिच्या हातात आणून द्यायचो. ती आकडा सांगायची, मी भरायचो. "लिवा." प्रत्येक आकड्याआधी हा एक शब्द. आम्ही जे भाग केले तिथली सगळी झाडं तिच्या खांद्याला मोजलेली आहेत.

या दुसऱ्या फेरीत जोडी नाही. एका माणसात काम होतं असं एजन्सीच्या लक्षात आलंय, आणि होतं, ते मी करून दाखवतोय. दुसरं बटण आणि बाभळीचा काटा. काटा मी खिशाला टोचून ठेवतो, बोथट झाला की नवा घेतो. या फेरीत मी दुसऱ्यांनी मोजलेले भाग आधी मागून घेतले होते. का, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमचे भाग उरले ते शेवटी माझ्याच वाट्याला आले. माझी त्याला तयारी होती. ती जाऊन दीड वर्ष होत आलं. मी स्वयंपाक शिकलो, भाकरी फुगते. मुलगा पुण्याला ये म्हणतो, त्याला नाही म्हणायला शिकलो. लोक म्हणतात सावरलास. मला आधीपासून माहीत होतं की मी सावरेन. ते अवघड नव्हतं. अवघड हे निघालं, की झाडं बारीक झाली.

तेवढ्यात राजनंदिनीचा फोन आला. ती एजन्सीच्या कचेरीत नकाशाचं काम बघते. पोरीच्या वयाची आहे, पण तिच्या नजरेतून ठिपका सुटत नाही.

"काका, विजापूर रोडला आहात ना? सगळं लाल येतंय."

"येतंय."

"तुमचा आत्ताचा घेर बरोबर आहे, मी फोटो बघितले. जुनाच चुकलाय. या पट्ट्यातली पुढं सैफुल भागापर्यंतची चाळीसएक झाडं, सगळी जास्त भरलीत. पलीकडच्या बाजूला त्याच वयाचे लिंब आहेत, ते एवढे नाहीत. आणि गंमत म्हणजे चूक वाढत गेलीय. तुम्ही उभे आहात तिथं थोडी, सैफुलकडं जास्त."

"बरोबर हाय," मी म्हणालो.

"काय बरोबर आहे?"

"चूक वाढत गेली ते."

तिनं पलीकडं काहीतरी टाइप केलं. मग म्हणाली, "वरून सांगितलंय की एवढ्या पट्ट्याची जुनी नोंद रद्द करायची आणि आत्ताची तीच पहिली धरायची. मी संध्याकाळी पुसते. तुम्ही लालचं टेन्शन घेऊ नका, पुढं भरत चला."

"फोटो बी जाणार?"

"नोंदीबरोबर सगळं जातं ना काका."

फोटोत कोण आहे ते तिला माहीत नव्हतं. ती गेल्या वर्षी लागली. नोंदीच्या शेवटी बारीक अक्षरात 'मोजणारे' असं असतं आणि पुढं दोन नावं, मायाप्पा, गोजाबाई. ते कुणी वाचत नाही. मीसुद्धा वाचलं नव्हतं. फोटोचं मला काही वाटलं नाही. फोटो मी फोनमध्ये उतरवून घेतला असता, घरी भिंतीवर आहेच की एक, हार घातलेला. पण गोजाचं नाव कुठं कामकरी म्हणून लिहिलेलं नाही. तिनं जन्मभर केलं ते सगळं घरातलं, मेंढरांतलं, शेतातलं, त्याला नोंद नसते. एकाच कामाला झाली आणि ते चूक म्हणून पुसणार. तिला काहीही म्हणा, तिनं आकडा चुकीचा सांगितला म्हणू नका. मी राजनंदिनीला म्हणालो, संध्याकाळपर्यंत थांब, माझा फोन आल्याशिवाय हात लावू नको. ती म्हणाली, बरं, पण कारण तरी सांगा. मी म्हणालो, कारण मोजून सांगतो.

कारण मला माहीत होतं. शोधायची गरज नव्हती. त्या वेळी आम्ही हा रस्ता इथून सैफुलकडं केला, उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि त्याच दिवसांत तिच्या पोटातली गाठ डॉक्टरांनी दाखवली. डॉक्टरांनी जे सांगायचं ते दोघांना समोरासमोर सांगितलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "उद्या कुटनं सुरू करायचंय?" मी म्हणालो, आता काम कशाला? तिनं मला चांगलंच झापलं. "घरी बसून काय करू? छताकडं बघू? घरी दुकतंय, झाडापाशी न्हाय दुकत." ते खरं नव्हतं. झाडापाशीही दुखत होतं. ती टेपचं टोक धरायची आणि मी खोडामागं गेलो की वाकायची, पोटाला कोपर लावून. मी पुढं आलो की सरळ व्हायची. नंतर नंतर सरळ होणं तिनं सोडून दिलं. खांद्याची उंची ती धरत राहिली, तिचा खांदाच खाली आला. दर दिवशी थोडा. खाली बुंधा जाड असतो. आकडा तिनं बरोबर वाचला, मी बरोबर भरला, झाडही बरोबर होतं. एवढंच की आम्ही झाड तिच्या उंचीवर मोजत होतो आणि ती उंची उतरत होती.

मी मान वर केली तेव्हा इमामसाब माझ्याकडंच बघत होते. त्या लिंबाखाली त्यांचं पंक्चरचं दुकान, म्हणजे एक पेटी, एक पाण्याचं घमेलं आणि झाडाच्या खोडात एक मोठा खिळा, त्याला ट्यूब अडकवलेल्या.

"क्या मायाप्पा, कधीचं बघतोय, झाडाला मिठी मारताय, सोडताय, परत मारताय. भांडण झालं काय?"

"झाड घटलंय म्हणतात."

"कमाई घटली माझी. झाड कशाला घटतंय? सावलीचं भाडं मागायला आलंय का कोण?"

मी त्यांना फोन दाखवला. त्यांनी हात पुसले, मग पुन्हा पुसले, आणि मग फोन घेतला. "आक्का," ते म्हणाले.  मागच्या फेरीत झाडांतले खिळे काढायचंही काम होतं. गोजा पक्कड घेऊन सगळे उपटत आली होती आणि या खिळ्यापाशी इमामसाब आडवे आले होते. एवढा एक राहू दे आक्का, ट्यूब काय डोक्यावर अडकवू? ती म्हणाली होती, "ऱ्हाऊ दे. पर दुसरा ठोकला तर तुमच्या टायरात ठोकीन."

"दुसरा ठोकला नाही," इमामसाब आता म्हणाले. "आईशप्पत. बघा की सगळं झाड."

मी झाड नाही, फोटो बघितला. दोन बोटांनी मोठा केला. टेप खिळ्याच्या लगेच खाली होता, खिळ्याला टेकून. खांदा त्याच रेषेत. ती सरळ उभी आहे असं वाटत होतं, पण नव्हती, गुडघे किंचित मोडलेले होते, साडीखाली ते दिसत नव्हते. खिळा आजही तिथंच होता. झाड शेंड्याला वाढतं, खोडातला खिळा वर जात नाही. माझ्या दुसऱ्या बटणापासून खिळा चांगला वीतभर खाली होता.

"ट्यूब काढा," मी म्हणालो. "आणि हे टोक धरा. खिळ्याच्या खाली. हितं."

"मी? माझे हात काळे हायेत."

"झाडाला चालतंय."

त्यांनी टोक धरलं. मी दुसरं टोक घेऊन वाकलो. वीतभरच वाकायचं होतं, पण एवढं वाकून झाडाभोवती फिरणं वेगळं असतं. पूर्ण वाकलेल्या माणसाला जमीन दिसते, सरळ माणसाला रस्ता दिसतो. असं अर्धवट वाकलं की नुसतं खोड दिसतं, साल, सालीतल्या भेगा, भेगांतल्या मुंग्या. नाक जवळजवळ सालीला लागतं. मागच्या बाजूला गेलो तेव्हा इमामसाब दिसेनासे झाले, नुसता टेप ताणलेला, आणि पलीकडं कुणीतरी तो धरलेला. ताण कळत होता. काट्याचा ताण असा नसतो, काटा नुसता धरून ठेवतो. माणूस धरतो तेव्हा टेप थोडा थोडा हलतो, श्वासाबरोबर. हे मी दीड वर्षात विसरलो होतो. विसरलोय हेही माहीत नव्हतं. तिथं झाडामागं मी उगाच थोडा थांबलो.

"आलात का गेलात?" इमामसाब ओरडले.

मी पुढं येऊन टोक त्यांच्या हातात दिलं. "वाचा."

"एकशे... सेहेचाळीस."

तिनं बेचाळीस लिहायला सांगितलं होतं. झाड चार सेंटिमीटरनं वाढलं होतं. दोन वर्षांत लिंब एवढाच वाढतो.

मी राजनंदिनीला फोन लावला. तिला सगळं सांगायला वेळ लागला नाही. गोजाबाई कोण, ते मी एका वाक्यात सांगितलं, बाकीचं टेपचं आणि उंचीचं सांगितलं. ती ऐकत होती, मागं पंखा वाजत होता. मग म्हणाली, "काका, नोंदीत 'मोजणीची उंची' असा एक रकाना आहे. त्यात आपोआप एकशे तीस सेंटिमीटर, म्हणजे सव्वाचार फूट, पडतं म्हणून कुणी हात लावत नाही. जुन्या नोंदीत खरी उंची टाकली तर ती चूक राहत नाही, नुसती वेगळ्या उंचीची होते. पण मला पुरावा लागेल. प्रत्येक झाडाला. आणि नियमाच्या उंचीचा घेर तर हवाच."

"म्हणजे प्रत्येक झाडाला दोन."

"दोन. चाळीस झाडं आहेत काका. ऊन बघा किती आहे. आज होईल?"

"व्हईल," मी म्हणालो. शंका नव्हतीच मला.

"मग मी पुसत नाही. वरच्यांना मी बघते. आणि काका... आत्ताचा फोटो पण त्याच उंचीवरचा लागेल. माणसासकट."

इमामसाबनी फोटो काढला. मी झाडाशेजारी गुडघे मोडून उभा, खांदा खिळ्याच्या खाली. ते म्हणाले, "सरळ ऱ्हावा की, फोटो हाय." मी म्हणालो, असाच काढा. "कंबर धरली का काय?" न्हाय, मी म्हणालो, मोजतोय. त्यांनी काढला, आणि ट्यूब परत खिळ्याला अडकवताना एकदा हात सपाट करून सालीवर ठेवला, आणि लगेच काढून घेतला.

आधी मागं जाऊन सकाळी सोडलेली पाचसहा झाडं केली, मग मी पुढं निघालो. पुढं खिळे नव्हते. पण प्रत्येक खोडावर काही ना काही होतं, एखादी गाठ, तोडलेल्या फांदीचा डोळा, रंगवलेल्या गेरू-चुन्याच्या पट्ट्याची कड. फोटोत बघायचं टेप कुठं आहे, झाडावर ती जागा शोधायची, काटा टोचायचा. आधी बटणाच्या उंचीवर एक फेरा, मग तिच्या उंचीवर एक. फोन दगडाला टेकवून फोटो. सगळी झाडं वाढली होती. एकही घटलं नव्हतं. मी हळूहळू खाली चाललो होतो. तळ्याच्या बाजूला येईपर्यंत टेप माझ्या पोटाशी आला, पुढच्या चौकात कमरेच्या पट्ट्याच्या वर. रस्त्यावरचे लोक बघत होते. एका रिक्षावाल्यानं विचारलं, चाचा, कुछ गिरा क्या? मी नाही म्हणालो. पाठ दुखायला लागली. दुखू दे म्हटलं. एका फोटोत गोजा हसत होती, आणि तिचा दुसरा हात झाडावर नव्हता, झाड तिला धरून होतं. तेव्हा फोन माझ्याच हातात होता, मीच तो काढला होता, आणि काढताना मी चौकटीत झाडाचा शेंडा येतो का ते बघत होतो. शेंडा आलाय. फोटो बरोबर आहे. मी माझं काम केलं, तिनं तिचं केलं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. आम्ही दोघंही कामात चोख होतो. दुपारी एका गुलमोहोराखाली बसून मी भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. उठताना खोडाचा आधार घेतला, तर हात आपोआप सपाट पडला.

सैफुलच्या अलीकडचं शेवटचं झाड वडाचं. मोठं आहे, टेप जेमतेम पुरतो. त्याच्यापाशी तेव्हा एक दगड होता, बसायला बरा, आजही होता. त्या फोटोत गोजा दगडावर बसलेली आहे आणि बसल्या बसल्या टेपचं टोक खांद्याशी धरलंय. मला तो दिवस नीट आठवत होता. मी म्हणालो होतो, राहू दे, हे झाड उद्या करू. ती म्हणाली, "तुमी फिरा. माझा हात धरायला चांगला हाय." वडाभोवती फिरताना पारंब्या टाळत टेप न्यावा लागतो, वेळ लागतो. मी फेरा मारून आलो तर ती हसत होती. "बायका वडाला फेरं घालत्यात नवऱ्यासाटी. हितं तुमी घालताय. कुणाला सांगू नका, लोक नावं ठेवतील." मी म्हणालो, सातजन्मी मीच पाहिजे का तुला? ती म्हणाली, "आदी ह्या जल्माचा आकडा तर लिवा."

मी बटणाच्या उंचीचा घेर घेतला. मग ती फोटोत जिथं धरून होती तिथं काटा टोचला, एका जुन्या पारंबीच्या व्रणाशी, आणि वाकून, जवळजवळ रांगत, वडाला फेरा घातला. टोक घेऊन परत आलो आणि आकडा वाचायला दगडावर बसलो. वाढला होता, लिंबांपेक्षा जास्त. मी भरला. मोजणीची उंची भरली. फोन पुढं दुसऱ्या एका दगडाला टेकवून फोटो काढला. सगळं पाठवलं. वर्तुळ फिरलं, आणि शेवटचा लाल ठिपका हिरवा झाला. थोड्या वेळानं राजनंदिनीचा निरोप आला. जुन्या सगळ्या नोंदी राहिल्यात काका, दोन्ही नावांसकट. मग आणखी एक. शेवटच्या फोटोत तुम्ही बसलेले आहात. मी लिहिलं, तिथं बसूनच मोजायचं असतं.

उठायची घाई नव्हती. तिथं बसल्यावर रस्ता वेगळा दिसतो. उभ्या माणसाला फांद्या दिसतात, गाड्या दिसतात, दुकानांच्या पाट्या दिसतात. त्या दगडावरून नुसते बुंधे दिसतात, एकामागं एक, थेट इमामसाबच्या लिंबापर्यंत, गेरू-चुन्याचे पट्टे एका रेषेत, आणि त्यांच्यामधून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. तिला इथून आम्ही केलेलं सगळं एकदम दिसत असणार. आणि वडामागनं येणारे माझे पाय. मी हे तिला कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही, कामात असं काही सांगायचं राहून जातं. ऊन कलंडत होतं. टेप गुंडाळायला हवा होता. काट्यातलं टोक सोडवायला मी उठणार होतो, पण त्याची गरज पडली नाही. बसल्या जागेवरून हात लांब केला, आणि टोक सरळ हाताला आलं.